टास्मानिया: होबार्टहून हिवाळ्यात एका दिवसात कुठं जाता येतं? (जून ते ऑगस्ट)

दक्षिणवारा
मे संपत आला की इथं तेच प्रश्न पुन्हा येतात: बर्फ कुठं मिळेल, क्रेडल माउंटन एका दिवसात होईल का, आई-बाबांना घेऊन जाता येईल का. म्हणून एकच धागा काढतोय. उन्हाळ्यातल्या सहलींची चर्चा इथं नको.

आधी उजेडाचं बघा. २१ जूनच्या आसपास होबार्टला सूर्य ७:४२ ला उगवतो आणि ४:४३ ला मावळतो, म्हणजे हातात नऊ तास. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून २४ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे दक्षिणेकडचे उतार आणि दरीतली वळणं दिवसभर सावलीत राहतात आणि सकाळचं दव तिथं दुपारी दोनलाही गोठलेलंच असतं. ऑगस्टअखेर दिवस सुमारे अकरा तासांचा होतो. तारखा हातात असतील तर जूनपेक्षा ऑगस्टचा दुसरा पंधरवडा घ्या. बर्फाची शक्यता तेवढीच, उजेड मात्र दोन तास जास्त.

दुसरं वाऱ्याचं. बेट ४० ते ४४ अक्षांशांत आहे. पश्चिमेचे वारे सगळं पाणी पश्चिमेकडच्या डोंगरांवर रिकामं करतात आणि कोरडे होऊन पूर्वेला उतरतात. महाबळेश्वर आणि वाईचं जे नातं, तेच इथं. पश्चिमेकडच्या डोंगरांत वर्षाला २४०० मिमीच्या वर पाऊस पडतो, होबार्टला ६०० च्या आसपास. म्हणून मी कुठल्या तारखेला कुठं जायचं हे आधी पक्कं करत नाही. ठिकाणं तीन-चार ठरवायची, आणि कोणत्या दिवशी कुठं ते आदल्या संध्याकाळी हवामान बघून. पश्चिमेकडून फ्रंट (थंड हवेचा, पावसावाऱ्याचा पट्टा) येत असेल तर पूर्व किनारा किंवा टास्मन द्वीपकल्प. फ्रंट निघून गेल्यावर जो पहिला स्वच्छ दिवस मिळेल, तो डोंगराला द्यायचा.

घाटवाट
सहमत, पण एक अपवाद जोडतो. कमी दाबाचा पट्टा पूर्वेच्या समुद्रात येऊन बसला की सगळं उलटं होतं. पूर्व किनाऱ्याला आणि होबार्टला झोडपून पाऊस, पश्चिमेला ऊन. नकाशात वारा आग्नेयेकडून किंवा पूर्वेकडून दिसला तर पूर्व किनाऱ्यावरच्या फ्रेसिने उद्यानाचा आणि मराया बेटाचा बेत रद्द करा.

हवामान खात्याच्या अंदाजात ‘अमुक मीटरपर्यंत हिमवृष्टी’ असा आकडा येतो. लोक फक्त होबार्टचं तापमान बघतात, हा आकडा बघत नाहीत. ९०० लिहिलं असेल तर कुनान्यीच्या (होबार्टला लागूनचा डोंगर, माउंट वेलिंग्टन) माथ्यावर बर्फ आणि माउंट फील्डच्या लेक डॉब्सनला बर्फ. ६०० असेल तर डर्वेंट ब्रिजच्या महामार्गावरही. ३०० म्हणजे होबार्टची वरची उपनगरं गोठतात, तेव्हा घरीच भजी तळा. शिवाय ‘बुशवॉकर्स वेदर अलर्ट’ आणि ‘रोड वेदर अलर्ट’ अशा दोन वेगळ्या सूचना येतात. पहिली लागली असेल तर उंचावरची कुठलीही वाट नको.

सोनचाफा
धागा अगदी वेळेवर आला! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून आई-बाबा येताहेत. बाबा ६८, गुडघा जरा कुरकुरतो. मुलगी सात वर्षांची. गाडी भाड्याची, साधी हॅचबॅक. मुलीला बर्फ हवाय, बाबांना ‘खरं जंगल’ आणि आईला समुद्र. पाच दिवस आहेत, मुक्काम होबार्टलाच. काय करू?

दक्षिणवारा
@सोनचाफा, तुम्हाला माउंट फील्ड, कुनान्यी, टास्मन द्वीपकल्प आणि मराया किंवा ब्रूनी यांतलं एक बेट. पाचवा दिवस रिकामा ठेवा, हवामानाच्या तावडीतून सुटायला तो लागतोच.

माउंट फील्डचं सविस्तर सांगतो, कारण बाबांना आणि मुलीला एकाच दिवशी खूश करणारी तीच जागा आहे. होबार्टहून न्यू नॉरफोकमार्गे सुमारे ७५ किमी, सव्वा तास. १९१६ साली जाहीर झालेलं हे उद्यान, फ्रेसिनेसोबत राज्यातलं सर्वांत जुनं. याचे दोन मजले आहेत असं समजा. खालचा मजला व्हिजिटर सेंटरपाशी, समुद्रसपाटीपासून दीडेकशे मीटरवर. वरचा लेक डॉब्सनला, हजार मीटरच्या थोडा वर. मध्ये १६ किमीचा कच्चा, वळणांचा रस्ता.

खाली रसेल फॉल्सची वाट जाऊन-येऊन दीड किमीच्या आत आहे, अर्धा तास. बाबागाडीसुद्धा जाते इतकी सपाट. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ट्री फर्न, खोडांवर ओलं शेवाळ. हिवाळ्यात धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी भरून पडतो. उन्हाळ्यात तो बारीक होतो, त्यामुळे फोटोसाठी हाच मोसम. तुषारांनी लाकडी फळ्या निसरड्या होतात, बाबांना रबरी तळाचे बूट द्या. पुढं हॉर्सशू फॉल्सला पायऱ्या आहेत, गुडघ्यासाठी तो भाग सोडा. त्याऐवजी गाडीनं थोडं पुढं जाऊन टॉल ट्रीजची छोटी फेरी करा. तिथली स्वॅम्प गम झाडं म्हणजे निलगिरीची जी जात जगातली सर्वांत उंच सपुष्प वनस्पती मानतात, ती. बाबांचं खरं जंगल हेच. तिन्ही धबधबे जोडणारी वाट सुमारे सहा किमी, दोन-अडीच तास, ती तुमच्यासाठी नाही.

वरचा मजला बर्फाचा. लेक डॉब्सनभोवती पॅन्डनी ग्रोव्हची फेरी ४० मिनिटांची, पण बर्फात दीडपट वेळ धरा. पॅन्डनी केवड्यासारखी दिसते, पण आहे हीथ कुळातली. बर्फानं वाकलेली पानं आणि त्यातून वर आलेला शेंडा, हे दृश्य दुसरीकडे मिळत नाही.

अडचण रस्त्याची. बर्फ असताना चेनशिवाय (चाकांना बांधायची साखळी) गाडी वर सोडत नाहीत. पाटी खालीच लागते. आधी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा आणि मगच चढा.

गिअरबॉक्स
चेनबद्दल मी सांगतो, कारण तिथंच लोक फसतात.

भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बऱ्याच करारांत कच्चा रस्ता आणि हिमरेषेच्या वरचा रस्ता विम्यातून वगळलेला असतो. तो वगळला असेल तर चेन मिळूनही उपयोग नाही. परवानगी असेल तर टायरच्या बाजूवरचा आकडा (उदा. २०५/५५ आर १६) दाखवून त्याच मापाची चेन भाड्यानं घ्या. ‘बसेल’ असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. ढिली चेन फेकली जाते आणि ब्रेकची नळी किंवा मडगार्ड फाडते.

घरासमोर कोरड्यात एकदा बसवून बघाच. हातमोजे घालून, बोटं बधिर असताना, चढावर पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. बर्फ सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून थांबायचं, हँडब्रेक लावायचा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर चेन पुढच्या चाकांना. हॅचबॅक बहुतेक तशाच असतात. चेनचा पीळ आधी सोडवून घ्या. एक जरी कडी उलटी राहिली तरी नंतर सगळं काढावं लागतं. आतल्या बाजूची कडी वरून जोडा, मग बाहेरची, मग ताण देणारी साखळी ओढून अडकवा. शंभरेक मीटर हळू चालवा, थांबा, उतरा, पुन्हा ताणा. हा दुसरा ताण लोक विसरतात, आणि नव्वद टक्के भानगडी तिथूनच सुरू होतात. वेग ताशी ४० च्या आत. डांबर दिसलं की लगेच काढा, नाहीतर चेन आणि टायर दोन्ही झिजतात.

वर गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, गिअरची असेल तर पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये, आणि चाकाला दगड. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

सोनचाफा
करार बघितला. कच्च्या रस्त्याला विमा नाही. मग बर्फाचं काय?

दक्षिणवारा
मग कुनान्यी. तुमच्यासाठी तेच बरं.

माथा १२७१ मीटर, शहरातून वीसेक किमी, पूर्ण डांबरी. शहरात १० अंश असेल तर वर साधारण २ धरा. आणि वारा असतोच. पारा शून्यावर आणि वारा ताशी ४० किमी असेल तर अंगाला उणे ७ लागतं. बर्फ पडला की महापालिका पिनॅकल रोड फर्न ट्रीपाशी किंवा द स्प्रिंग्जला, म्हणजे सातशे मीटरच्या आसपास, बंद करते. कुठला टप्पा बंद आहे ते महापालिकेच्या संकेतस्थळावर सकाळी बघायचं. ‘रस्ता बंद’ वाचून लोक बेत रद्द करतात, तसं करू नका. मुलीला बर्फात खेळायला माथा लागत नाही, स्प्रिंग्जला वीतभर पडला तरी भागतं. हिमवर्षावानंतरच्या शनिवारी-रविवारी मात्र अख्खं होबार्ट तिथं असतं, पार्किंग साडेनऊला भरतं. आठवड्याच्या मधला दिवस धरा, किंवा आठ वाजता पोहोचा.

बर्फ टिकत नाही हे लक्षात ठेवा. शहराच्या बाजूचा उतार पूर्वेकडचा आहे, सकाळचं ऊन थेट येतं. दुपारपर्यंत चिखल होतो. संध्याकाळी तोच चिखल पुन्हा गोठतो आणि उतरताना घसरतो. म्हणून सकाळी जा, अकराच्या आत उतरा.

आई-बाबांना वर गारठायचं नसेल तर त्यांना फर्न ट्रीला पाइपलाइन ट्रॅकवर सोडा. होबार्टला पाणी आणणाऱ्या जुन्या जलवाहिनीच्या कडेची वाट आहे, जवळजवळ सपाट. सिल्व्हर फॉल्सपर्यंत जाऊन-येऊन तासाभराच्या आत. दाट झाडी असल्यामुळे वारा लागत नाही.

घाटवाट
पायी चढणाऱ्यांसाठी: स्प्रिंग्जहून पिनॅकल ट्रॅक आणि झिगझॅग ट्रॅकनं माथा, परत येईपर्यंत तीन-साडेतीन तास. ऑर्गन पाइप्सच्या पायथ्याची वाट याहून सुंदर, डोलेराइट खडकाचे उभे खांब थेट डोक्यावर येतात. पण झिगझॅगवर बर्फ तुडवला गेला की काचेसारखा कडक होतो. बुटाला अडकवायचे छोटे काटे (मायक्रोस्पाइक) नसतील तर तिथून मागं फिरा. सह्याद्रीत पावसाळी कातळावर चालणारा पाय इथं कामाला येत नाही. कातळावर शेवाळ दिसतं तरी, इथला पारदर्शक थर दिसतच नाही.

अळूवडी
क्रेडल माउंटनचं राहिलं. आम्ही चौघं, गाडी चालवणारे दोघं. पहाटे पाचला निघून एका दिवसात होबार्टहून करता येईल ना? लोक करतात म्हणे.

घाटवाट
करतात आणि रस्ता बघून परत येतात. हिशेब करा. एकेरी चार तास धरून चालवण्यातच आठ तास जातात. डव्ह लेकची फेरी सहा किमी, दोन ते तीन तास. त्यात शटल बसची वाट बघणं. उजेड नऊ तास. म्हणजे जाताना पहाटेचा अंधार आणि येताना संध्याकाळचा अंधार, दोन्ही वेळा रस्त्यावर वॉलबी (छोटे कांगारू). हिवाळ्यात मी याला नाहीच म्हणेन. डेव्हनपोर्टहून दीड तास आणि लॉन्सेस्टनहून दोन तास, तिथं एक रात्र टाका आणि तिथून जा.

मुक्काम उद्यानाजवळच मिळाला तर आणखी उत्तम. रॉनी क्रीकपाशी ऊन कलताना वोम्बॅट (बुटके, गुबगुबीत, पोटाला पिशवी असलेले प्राणी) चरायला बाहेर पडतात आणि तिथून पाच मिनिटांवर खोली असेल तर अंधारात गाडी चालवायची पाळी येत नाही. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. पायी फिरणं जमत नसेल तर डव्ह लेकच्या काठावर काचेचा निवारा आहे, शटलमधून उतरून काही पावलांवर. बाहेर गारपीट होत असताना आतून डोंगर बघता येतो, दिसला तर. क्रेडल ढगात असण्याचे दिवस पुष्कळ असतात. त्यासाठीही एक रात्र हातात हवी.

अळूवडी
बरं, क्रेडल रद्द. मग डोंगर-तलाव असं एका दिवसात काही?

घाटवाट
लेक सेंट क्लेअर. होबार्टहून १७५ किमी, अडीच तास. देशातलं सर्वांत खोल तळं, १६० मीटरच्या वर. क्रेडलहून येणारी ओव्हरलँड ट्रॅक ही लांब पायवाट इथंच संपते. वॉटर्समीट आणि प्लॅटिपस बे अशी फेरी दीड-दोन तासांत होते, चढ नाही. साडेसातला निघा, दहाला पोहोचा, दीडला परत निघा. टार्रालियानंतर रस्ता पठारावर चढतो आणि डर्वेंट ब्रिजपाशी सातशे मीटरच्या वर असतो. ब्लॅक आइसचा (डांबरावरचा न दिसणारा बर्फाचा थर) पट्टा तो. सकाळी तिथं ताशी ६० च्या वर जाऊ नका, शंभरची पाटी असली तरी.

ए५ वरून ग्रेट लेककडे जायचा मोह होईल, नकाशात जवळ दिसतं. त्याच बाजूच्या लियावेनीला ७ ऑगस्ट २०२० रोजी उणे १४.२ अंश नोंदलं गेलं, राज्यातला नीचांक. त्या रस्त्यावर हिवाळ्यात वर्दळ नसते आणि मोबाइलला रेंजही नसते. बिघाड झाला तर तासन्‌तास कुणी येणार नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी टाळा.

गिअरबॉक्स
ब्लॅक आइस ओळखायचं कसं, थोडक्यात. गाडीत बाहेरचं तापमान ४ च्या खाली दिसायला लागलं की सावध व्हा. पूल आधी गोठतात, कारण खालून वारा असतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. त्यानंतर झाडीतली वळणं. रस्ता ओला दिसतोय पण समोरच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही, म्हणजे ते पाणी नाहीच. तिथं ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर, तिन्हींना झटका द्यायचा नाही. पाय उचला, सरळ जाऊ द्या. क्रूझ कंट्रोल बंद.

सकाळी काचेवर हिमकण जमले असतील तर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. प्लास्टिकचं कार्ड घेऊन खरवडा, किंवा निम्मं पाणी-निम्मं मेथिलेटेड स्पिरिट फवारा. दहा मिनिटं आधी गाडी सुरू करून हीटरची हवा काचेवर सोडा, एसीचं बटण चालू ठेवून. एसी हवा कोरडी करतो, नाहीतर आतून वाफ धरते.

डिझेल गाडी मेनलँडहून फेरीबोटीनं आणत असाल तर टाकी इथं आल्यावर, डोंगराजवळच्या पंपावर भरा. उबदार भागातलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. पेट्रोलला हा त्रास नाही.

तिखटमीठ
आता जनावरांबद्दल स्पष्ट लिहिते. मावळतीपासून उजाडेपर्यंत शहराबाहेर गाडी चालवू नका, आणि चालवावीच लागली तर ताशी ६५ च्या वर नाही. पॅडेमेलन, वॉलबी, पोसम, वोम्बॅट सगळे बहुतांशी निशाचर. रस्त्याकडेचं गवत खायला येतात. सकाळी रस्त्यावर जे दिसतं त्यावरून संख्या कळते. वोम्बॅट तीस किलोच्या आसपासचा असू शकतो, गाडीला तो दगड लागल्यासारखा लागतो. काही करारांत रात्री जनावराला धडक बसली तर विम्याची रक्कम वाढते किंवा विमाच मिळत नाही. प्राणी आडवा आला तर सरळ ब्रेक, गाडी वळवायची नाही. उलटलेल्या गाड्यांमागं बहुतेक वेळा वळवलेलं स्टिअरिंगच असतं.

धडक बसलीच, तर सुरक्षित जागी थांबून बघा. मादी असेल तर पिशवीत जिवंत पिल्लू असू शकतं. ते स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका. बोनोराँगच्या वन्यजीव बचावपथकाचा चोवीस तास चालू असलेला नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये टाकून ठेवा आणि ते सांगतील तसं करा.

आता समुद्र. सोनचाफाच्या आईंना टास्मन द्वीपकल्प. होबार्टहून ईगलहॉक नेक सव्वा तास, पोर्ट आर्थर (कैद्यांची जुनी वसाहत) दीड तास. ईगलहॉक नेकला टेसेलेटेड पेव्हमेंट आहे, म्हणजे चौकोनी फरशी बसवल्यासारखा दिसणारा खडक, तो ओहोटीलाच बघायचा. भरतीला तो अर्धा पाण्याखाली जातो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून त्याभोवती दिवस बेतायचा. ओहोटी सकाळी असेल तर आधी पेव्हमेंट, मग टास्मन आर्च आणि डेव्हिल्स किचन (दोन्ही गाडीपासून पाच-दहा मिनिटांवर), मग पोर्ट आर्थर. ओहोटी दुपारी असेल तर उलट क्रम. पोर्ट आर्थरला तीन तास कमीत कमी. तिथं मधोमध हिरवळ आहे, वाटा रुंद आहेत, आणि आडोसा हवा तेव्हा इमारतीत शिरता येतं, म्हणून पावसाळी दिवसालाही चालतं.

केप हॉय तरुणांसाठी, फॉर्टेस्क्यू बेहून नऊ-साडेनऊ किमी, चार तास, शेकडो पायऱ्या. तिथला रस्ता बारा किमी कच्चा. अळूवडी, तुमच्या चौघांना हे आवडेल, करारात कच्चा रस्ता चालत असेल तर.

सोनचाफा
मराया की ब्रूनी, एकच निवडायचं तर?

तिखटमीठ
हवा शांत असेल तर मराया. डोळे मिटून.

ट्रायाबन्ना होबार्टहून सव्वा तासावर. तिथून फेरीबोटीला अर्धा-पाऊण तास. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात आणि वारा वाढला की रद्द होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी आणि सकाळी निघायच्या आधी निरोप बघा. बेटावर गाडी नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. सगळं पाठीवर न्यायचं आणि कचराही परत आणायचा. बोट लागते त्या डार्लिंग्टनच्या कुरणात वोम्बॅट मात्र भरदिवसा चरतात. मुलीला तीन मीटर अंतर ठेवायला आधीच शिकवा. ते बुटक्या भाकरीसारखे गोंडस दिसले तरी चावतात. डब्याची पिशवी उघडी टाकू नका, करावाँग नावाचे काळे पक्षी बॅगेची चेन उघडतात. ही थाप नाही.

पेंटेड क्लिफ्सला जाऊन-येऊन दीड-दोन तास, ओहोटीच्या पुढं-मागं दोन तासांतच. लोहाच्या डागांनी रंगलेला वालुकाश्म आहे, दुपारनंतर ऊन थेट पडतं तेव्हा रंग उठतो. ओहोटी अवेळी असेल तर फॉसिल क्लिफ्सची फेरी, साडेचार किमी. बाबांना तेवढं जमणार नसेल तर डार्लिंग्टनच्या जुन्या कैदी वसाहतीतच तास-दोन तास छान जातात. बिशप अँड क्लार्कचा ६२० मीटरचा डोंगर हिवाळ्याच्या वेळापत्रकात बसवायला जाऊ नका, परतीची बोट चुकते.

ब्रूनीचं: केटरिंगहून गाडी फेरीबोटीवर, पंधरा-वीस मिनिटं. नेकच्या (बेटाचे दोन भाग जोडणारी चिंचोळी पट्टी) लाकडी पायऱ्या चढून दोन्ही बाजूंचा समुद्र बघायचा, अ‍ॅडव्हेंचर बेला पांढरी वॉलबी शोधायची, लाइटहाउसला जायचं. शेअरवॉटर पक्षी हिवाळ्यात उत्तर गोलार्धात गेलेले असतात, त्यांची आशा धरू नका. लाइटहाउसकडचा रस्ता कच्चा आहे, म्हणजे तुमचा करार पुन्हा आडवा येतो. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ फोनच्या गजरात टाका.

अळूवडी
पासचं काय? प्रत्येक ठिकाणी वेगळा?

दक्षिणवारा
राष्ट्रीय उद्यानांना पास लागतो. गाडीचा एक पास आठ माणसांपर्यंत चालतो. चोवीस तासांचा एक असतो आणि दोन महिन्यांचा हॉलिडे पास असतो. दोनपेक्षा जास्त दिवस उद्यानात जाणार असाल तर हॉलिडे पासच परवडतो. मराया, माउंट फील्ड, सेंट क्लेअर, फ्रेसिने, केप हॉय, ब्रूनीचं लाइटहाउस या सगळ्यांना लागतो. कुनान्यीला आणि टेसेलेटेड पेव्हमेंटला नाही. पोर्ट आर्थरचं तिकीट वेगळं.

फ्रेसिनेचं कुणी विचारलं नाही तरी सांगून ठेवतो: एकेरी अडीच तास. वाइनग्लास बेच्या लुकआउटपर्यंत जाऊन-येऊन तास-दीड तास, पायऱ्या बऱ्याच. साडेसातला निघालात तर होतं, पण खाली किनाऱ्यापर्यंत उतरायचं असेल तर आणखी दीड तास, आणि वाटेत थांबत गेलात तर परतताना अंधार होऊ शकतो.

सोनचाफा
कपडे आणि खाणं? सांगलीच्या थंडीचे स्वेटर चालतील का?

घाटवाट
स्वेटर चालेल, पण मधल्या थरात. आत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस, वर टोपीवालं पाणीरोधक जाकीट. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आईंना साडीवर जायचं असेल तर आत लोकरीची लेगिंग, मोजे पोटरीपर्यंत, आणि निऱ्या घोट्याच्या वर. ओला काठ दिवसभर ओलाच राहतो. मुलीसाठी हातमोज्यांचे दोन जोड, पहिला बर्फात दहा मिनिटांत भिजतो.

थंडी बाधली हे ओळखा: बोलणं अडखळायला लागतं, पाय ठेचकाळतो, बोटांनी जाकिटाची चेन लागत नाही, आणि ‘मला काही झालं नाही’ असं ठासून सांगणं सुरू होतं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्याआड न्या, गोड गरम प्यायला द्या. ब्रँडी नको.

तिखटमीठ
चहा थर्मासमध्ये करून न्या. स्टोव्ह नेणार असाल तर साधा ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास पेटतच नाही, कारण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळतो, त्याखाली वायू होत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. उद्यानांत बऱ्याच भागांत शेकोटीला बंदी आहे.

थेपले, तिळगुळाच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू हे थंडीतही मऊ राहतात आणि हातमोज्यात खाता येतात. चॉकलेटचा दगड होतो. आणखी एक: विमानानं येताना ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, लिंबं काहीही आणू नका, मेलबर्नहून आलात तरी. टास्मानियाचे जैवसुरक्षेचे नियम वेगळे आहेत, विमानतळावर कुत्रे हुंगतात. कढीपत्त्याची चटणी करून आणा.

उंटावरचा_शहाणा
ऑरोरा ऑस्ट्रालिसबद्दल (रात्रीच्या आकाशातला दक्षिणेकडचा प्रकाश) कुणीच बोललं नाही? हिवाळ्यातच दिसतो ना?

दक्षिणवारा
वर्षभर होतो, हिवाळ्यात रात्र मोठी म्हणून संधी जास्त. दक्षिणेकडे मोकळा समुद्र आणि शहराचे दिवे पाठीमागं, अशी जागा लागते. साउथ आर्मकडचे किनारे त्यासाठी सोयीचे, पाऊण तासाच्या आत. डोळ्यांना बहुतेक वेळा राखाडी पट्टा दिसतो, रंग कॅमेऱ्यात येतात. तिपाई, आयएसओ १६०० ते ३२००, १० ते १५ सेकंद, फोकस हातानं अनंतावर. केपी (भूचुंबकीय हालचालीचा निर्देशांक) ५ च्या वर आणि चंद्र नसेल तरच बाहेर पडा, आणि जाताना तिखटमीठ ताईंचा ६५ चा वेग पाळा.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. असा बेत केलाय: सोमवार कुनान्यी, मंगळवार माउंट फील्ड (फक्त खालचा भाग), बुधवार मराया, गुरुवार पोर्ट आर्थर, शुक्रवार राखीव. ठीक आहे का?

दक्षिणवारा
वारांची नावं खोडा, बाकी बेत चांगला आहे. रविवारी रात्री अंदाज बघा. सोमवारी फ्रंट येत असेल तर त्या दिवशी पोर्ट आर्थर, आणि फ्रंटनंतरच्या सकाळी कुनान्यी. मरायासाठी वारा सर्वांत कमी असलेला दिवस, आणि त्यातही ओहोटी अकरा ते दोनच्या मध्ये येत असेल तर सोन्याहून पिवळं. माउंट फील्ड रिमझिम पावसातही चालतं, म्हणून ते उरलेल्या दिवसाला ठेवा. तिथून साडेतीनला निघा, म्हणजे न्यू नॉरफोक उजेडात मागं पडेल.

तिखटमीठ
आणि मरायाची बोट रद्द झालीच तर ट्रायाबन्नाहून परत फिरू नका. ए३ नं उत्तरेला स्वॉन्झीकडे जा, वाटेत कैद्यांनी बांधलेला स्पायकी ब्रिज लागतो, आणि समोर खाडीपलीकडे फ्रेसिनेच्या हॅझर्ड्स डोंगरांची रांग दिसते. तीनला तिथून निघा.